कंटाळ्याची ड्युटी

तुम्ही टाकी बघितली नाहीत, पाइप बघितला नाहीत, चरखीला हात लावला नाहीत. एसी खोलीत बसून आमचं बोलणं ऐकलंत, हसलात आणि निकाल देऊन मोकळे झालात. तुमच्या अहवालात लिहिलंय की, कामाचा कंटाळा आल्यामुळे दोन्ही कर्मचारी शब्दांचे खेळ खेळत होते, त्यातून दुर्लक्ष झालं आणि अपघात घडला. हे खोटं आहे. चुकून लिहिलं गेलेलं नाही, सोयीचं म्हणून लिहिलेलं आहे. आणि त्याच खोट्याच्या जोरावर उद्या पहिल्या पाळीला माझे दीर पुन्हा टाकीत उतरणार आहेत, तुमच्या नव्या नियमाप्रमाणे, तोंड बंद ठेवून. ते वर येतील की नाही हे मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. फरक एवढाच, की मला त्याने झोप येत नाही.

आधी काम समजून घ्या, कारण चौकशीत ते तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

आमच्याकडे खाद्यतेल साठवायच्या टाक्या आहेत. तेल उपसून झालं की तळाशी गाळ राहतो, लापशीसारखा घट्ट आणि पायाखाली साबणासारखा. तो यंत्राने निघत नाही. वरच्या मॅनहोलचं झाकण उघडायचं, माणूस आत उतरवायचा, त्याने फावड्याने गाळ ओढून बादलीत भरायचा. मॅनहोलच्या तोंडाशी दुसरं माणूस बसवायचं. ती मी. माझ्या डोक्याच्या वर उभी केलेली लोखंडी तिपाई, तिपाईला हाताने फिरवायची चरखी, चरखीला दोर, दोराच्या टोकाला हुक. आतल्या माणसाच्या पाठीवर पट्टा, पट्ट्याला कडी. काही बिघडलं तर कडीत हुक आणि मी चरखी फिरवायची. मी मात्र आत उडी मारायची नाही, काही झालं तरी. आतल्याला काढायला गेलेला पण आतच राहतो, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

मॅनहोलवरच्या माणसाने करायचं काय? बसायचं. मोबाईल नाही, लोकर-सुया नाहीत, पाय मोकळे करायला उठायचं नाही. खाली बघावं तर दिव्याचा पिवळा गोळा दिसतो आणि कधीतरी त्यातून हेल्मेट सरकतं. फावड्याची खरखर ऐकत पाळी काढायची. काही घडू नये याची राखण करायची आणि खरंच काही घडत नाही. असं काम करताना ज्याला कंटाळा येत नाही तो माणूस मी पाहिलेला नाही. डुलकी लागणारे मात्र भरपूर पाहिलेत.

भावजींना बोलल्याशिवाय राहवत नाही. सासूबाई म्हणायच्या, हा पोटात असतानाच बडबडत होता, म्हणून मला उलट्या फार झाल्या. टाकीत उतरल्यावर ते दर थोड्या वेळाने खालून ओरडायचे, "वहिनी, बोअर." गाळ घट्ट लागला, बोअर. बादली उशिरा वर गेली, बोअर. सुपरवायझर डोकावून गेला, तो पण बोअर. मला बोअर झालं, बोअर मारू नका, काय बोअर माणूस आहे, किती बोअर करता. एका शब्दाच्या खुंटीवर सगळ्या घराचे कपडे. मी एकदा वैतागून म्हटलं, भावजी, तुमच्याकडे दुसरा शब्द नाही का? ते म्हणाले, तुमच्याकडे असला तर टाका खाली, इथे अंधारात दिसला तर उचलतो.

मी कंटाळा टाकला. त्यांनी उबग पाठवला. मी म्हटलं, नुसता शब्द चालणार नाही, वाक्यात उपयोग करा. ते लगेच म्हणाले, "वहिनीच्या माहेरच्या फोनांचा दादाला उबग आला." मी म्हटलं, चऱ्हाट. तुमचं लग्न जमवताना तुमच्या आत्या लावतात ते. त्यावर खालून नुसतं हसू आलं, टाकीत घुमून दुप्पट झालेलं. त्यांचं लग्न अजून जमलेलं नाही.

मग ते रोजचंच झालं. भांडणंही झाली. शिसारी मी बाद केली, ती किळस, कंटाळा नव्हे. सुस्तीवर अख्खी दुपार गेली. ते म्हणत होते कंटाळ्याची धाकटी बहीण आहे, मी म्हणत होते जेवणाची सून आहे. रटाळ समोरचा असतो, कंटाळा आपला असतो, यावर दोघांचं एकमत झालं. वैतागात अजून भांडायची ताकद असते, मरगळ आली की तीही जाते, हे भावजींनीच शोधून काढलं. 'बोअर'ला यातलं काहीच वेगळं कळत नाही. आपण कंटाळलोय की समोरचा रटाळ आहे, राग येतोय की झोप, सगळं त्या एकात कोंबायचं आणि झाकण लावायचं. त्यांनी मात्र तो शब्द सोडला नाही. डावाची सुरुवात त्याच्यानेच व्हायची.

हे आमच्या जुन्या फिटरच्या कानावर गेलं. फिटर म्हणजे पाइपाच्या कामात केस पांढरे केलेला माणूस, फारसा कुणाशी न बोलणारा. तो तिपाईपाशी येऊन उभा राहिला, आमचा एक डाव ऐकला, आणि मला वाटलं आता हा तक्रार करणार. त्याने मला सांगितलं की, हे बंद करू नका, उलट नियम घाला. टाकीत हवा कमी पडली तर वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. माणूस आधी खुशीत येतो, दारू न पिता. मग एकच गोष्ट धरून बसतो. मग नुसताच बसतो. त्याने असं बसलेलं माणूस बघितलं होतं, आणि त्याला उठवायला गेलेलंही.

त्या दिवसापासून आमचा नियम झाला. शब्द पुन्हा घ्यायचा नाही. वाक्यात उपयोग केलाच पाहिजे. आतल्याने शब्द पुन्हा घेतला तर तो हरला, आणि हरलेल्याने हातातलं टाकून आधी हुक लावायचा. बरं वाटत असलं तरी लावायचा. हरलो नाही असं वाटत असलं तरी लावायचा. भांडण वर आल्यावर. भावजी तीनचारदा खरेच विसरून हरले होते आणि चडफडत वर आले होते. खाली चांगला गाळ सुटत होता, वहिनीने उगाच काढलं, असं घरी जेवताना सुद्धा ऐकवलं. पण हुक लावला. सवय झाली होती.

याला तुम्ही खेळ म्हटलंत.

आता त्या दिवसाचं. टाकीत तेल असतं तेव्हा तेलाच्या वरच्या रिकाम्या जागेत नायट्रोजन भरून ठेवतात, तेल खवट होऊ नये म्हणून. वेफर्सच्या पुड्यात असतो तोच, पण तो टाकीत भरला की माणसाच्या श्वासाला हवा उरत नाही. त्याचा पाइप टाकीला जोडलेला असतो. माणूस उतरवायच्या आधी त्या पाइपच्या जोडात लोखंडी चकती घालून बोल्ट आवळायचे, म्हणजे व्हॉल्व्ह गळका असला तरी पुढे काही जात नाही. चकती घालायला अर्धी पाळी जाते. त्या दिवशी टँकर फाटकाशी उभे होते. सुपरवायझर म्हणाला, व्हॉल्व्ह बंद आहे, मीटर लावून हवा बघितली, ठीक आहे, उतरा. सकाळी हवा ठीक होती हे खरं आहे. मीटर मग तो घेऊन गेला, कारण दोन्ही टाक्यांना मिळून ते एकच होतं.

भावजी उतरले. तळाला तेल गरम करायच्या नळ्यांचं जाळं आहे, दोर त्यात अडकतो, म्हणून खाली गेलं की हुक काढून बाजूला टांगून ठेवायचा, असंच सगळे करतात. तुमच्या माणसांसमोर करतात.

बोअर झालं, कंटाळा झाला, उबग झाला. मी गुऱ्हाळ दिलं. त्यांनी मरगळ दिली, वर वाक्यही दिलं, सुपरवायझरला काम सांगितलं की त्याला मरगळ येते. मी म्हटलं, दळण. मग खालून आलं, "रटाळ." मी म्हटलं, वाक्यात उपयोग?

उत्तर नाही. फावड्याची खरखर चालू होती, म्हणून मी थांबले. मग परत आलं, "रटाळ." आणि हसू. मी त्यांचं हसणं इतकी वर्षं ऐकतेय, जेवताना, भांडताना, माझ्या स्वयंपाकावर. हे ते नव्हतं. हे एकट्याचं हसू होतं, कुणाला ऐकवायचं नसलेलं.

मी म्हटलं, "हरलात. हुक लावा."

खालून आवाज आला, "थांब गं."

तुम्ही तो आवाज ऐकलात. मॅनहोलवरच्या कॅमेऱ्यात आवाजही भरला जातो हे आम्हाला चौकशीच्याच दिवशी कळलं. तुम्ही ते ऐकलंत आणि पुढे सरकवलंत, कारण तुमच्या कानाला त्यात काही लागलं नाही. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून या माणसाने मला अहो-जाहो केलंय. तापाने फणफणलेला असताना 'वहिनी, जरा पाणी देता का' म्हणणारा माणूस आहे तो. त्याच्या तोंडून 'थांब गं' निघालं तेव्हा मला कळलं की माझ्याशी बोलतंय ते आता भावजींचं डोकं नाही.

मी सुपरवायझरला हाका मारल्या. तो चहाला गेला होता आणि बादल्या ओढणारा गाळ ओतायला लांब. मॅनहोलच्या कडेला माझे दोन्ही हात होते आणि अर्धं अंग आत जायला निघालं होतं, हे मी लपवत नाही. गेले असते तर तुम्हाला दोन नावं लिहावी लागली असती आणि कंटाळ्याचं कारण आणखी पटलं असतं. मी मागे सरले. हुक त्यांनीच लावायला हवा होता, दुसरा रस्ता नव्हता. फावड्याचा आवाज थांबला होता.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना एकेरीत हाक मारली. म्हटलं, "हरलास तू. हुक लाव. भांडण वर आल्यावर."

"हरलो नाही," खालून आलं. जड, झोपेतलं. मग पाय ओढल्याचा आवाज. मग पुन्हा, "रटाळ." मी तेच म्हणत राहिले, हरलास, हुक लाव, हरलास, हुक लाव. डोक्यात काही उरलं नव्हतं त्या माणसाच्या, पण हाताला सवय उरली होती. हरलं की हुक. दोर हलला. कडीत हुक बसल्याचा आवाज झाला, कट्, एवढासाच. मी चरखी धरली.

वर येईपर्यंत ते ओझं झाले होते. मान छातीवर, ओठ जांभळे. मॅनहोलमधून खांदे निघेनात, तेव्हा कुठे सुपरवायझर आणि आमचा घड्याळ धावत आले आणि तिघांनी मिळून ओढलं. घड्याळ म्हणजे बादल्या ओढणारा आमचा सहकारी. पाळी चुकवत नाही म्हणून ते नाव. भावजी उताणे पडले, आणि बऱ्याच वेळाने त्यांनी श्वास घेतला.

नंतर मीटर आत सोडलं तर ते किंचाळत सुटलं. व्हॉल्व्ह गळत होता. चकती नव्हती. हे सगळ्यांनी बघितलं. तुमच्या अहवालात चकती हा शब्द नाही.

चौकशीत तुम्ही मला एकच प्रश्न नीट विचारलात. "तुम्हाला कामाचा कंटाळा येतो का?" मी म्हटलं, येतो. पुढे मी म्हणत होते की, येणारच, म्हणून तर आम्ही हे करतो, म्हणजे तो येऊनही जागं राहता यावं. पण तुम्ही 'येतो' वर पेन टेकवलंत आणि आमचं बोलणं परत लावलंत. उबग, दळण, वहिनीचं माहेर. खोलीतले सगळे हसले. तुमच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, हे लोक ड्युटीवर आहेत की अंताक्षरीला. भावजींना तुम्ही विचारलंत, तुम्ही काय बोलत होता? ते म्हणाले, त्या दिवसाचं मला काही आठवत नाही. ते खरंच सांगत होते. अजूनही त्यांना बोलता बोलता शब्द सापडत नाही, ताटलीला हात लावून 'ते हे' म्हणतात. तुम्ही लिहिलंत, कर्मचाऱ्याने समाधानकारक खुलासा केला नाही.

मग निकाल. मला मॅनहोलवरून काढलं. त्यांना पुन्हा घेतलं, चूक कबूल करण्याच्या अटीवर. आणि नवा नियम: मॅनहोलवर अवांतर बोलायचं नाही. ठराविक वेळाने बाहेरच्याने 'ओके?' विचारायचं, आतल्याने 'ओके' म्हणायचं, बास. तिपाईला त्याची पाटी लावलीत. माझ्या जागी घड्याळ बसणार आहे. तो सज्जन माणूस आहे. पाटीवर लिहिलंय त्याच्या बाहेर तो एक अक्षर बोलणार नाही, कारण त्यालाही घर आहे.

घरी मी भावजींना म्हटलं, कबूल करू नका. हे पाणी प्यायला उठले. माझ्या मालकांना भाऊ आणि बायको यांच्यामध्ये नेहमी पाण्याचा तांब्या आठवतो. सासूबाई म्हणाल्या, त्या शब्दांनी चूल पेटते का? भावजी खाली बघत म्हणाले, "वहिनी, सोडा आता. मी गप्प बसून पण काम करू शकतो."

मी म्हटलं, तुम्ही? ते हसले. पण सही करून आले.

परवा दुपारी ते खाटेवर आडवे होते. हल्ली लवकर थकतात. तोंड भिंतीकडे, घोरणं चालू. मी धुतलेले कपडे घडी करत होते. माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक, मी हळूच, मॅनहोलवर विचारावं तसं विचारलं, "ओके?"

घोरणं थांबलं. "ओके," ते म्हणाले. आणि घोरणं पुन्हा सुरू.

माझ्या हातातला शर्ट तसाच राहिला. थोडं थांबून मी परत विचारलं. परत आलं, स्पष्ट, खणखणीत, "ओके." डोळे मिटलेले, गालावर माशी. मी सासूबाईंना बोलावलं, त्यांच्यासमोर विचारलं. ओके. मग मी म्हटलं, भावजी, कंटाळ्याला दुसरा शब्द सांगा, वाक्यात. काही नाही. परत म्हटलं. काही नाही. खांदा धरून हलवलं तेव्हा दचकून उठले, काय झालं वहिनी म्हणून. मी विचारलं, मी आत्ता तुम्हाला काय विचारत होते? ते म्हणाले, कधी? मी झोपलो होतो ना.

सासूबाईंनी सांगितलं तेव्हा त्यांना पटेना. मग पटलं. सासूबाई म्हणाल्या, जाऊ नकोस. ते म्हणाले, सही केलीये. आता नाही गेलो तर पळून गेला म्हणतील, पुन्हा कुठे टाकीवर घेणार नाहीत, आणि टाकीशिवाय मला काय येतं? मी घड्याळाकडे गेले. त्याने सगळं ऐकलं, त्याचा चेहरा उतरला. त्याने मला विचारलं, ताई, मी त्यांना दुसरं काही विचारलं आणि कॅमेऱ्यात आलं, तर? कॅमेरा तुमचा आहे.

सुपरवायझरलाही विचारलं, उद्या चकती घालणार का. तो म्हणाला, वरून तसं काही आलेलं नाही, अहवालात तर फक्त बोलण्याचं आलंय. बरोबर आहे त्याचं. तुम्ही गळका व्हॉल्व्ह सोडलात आणि आमची तोंडं बंद केलीत, तो तरी दुसरं काय करणार.

मला माझी जागा परत नको. माझ्या नावापुढे कामचुकार लिहायचं तर लिहा, मी कुणाला वाचून दाखवणार नाही. तुम्हाला आमचे शब्द बालिश वाटत असतील तर तुमचे शब्द द्या. पाढे म्हणायला लावा, उलटे आकडे मोजायला लावा, बायकोच्या तक्रारी सांगायला लावा, पण आतल्या माणसाला दर वेळी नवं काहीतरी डोक्यातून काढून वर पाठवायला लावा. जे झोपेत येतं ते मागू नका.

भावजींनी आत्ताच पट्टा आणून खुंटीला लावला आहे आणि बुटांना लागलेलं तेल पुसत बसले आहेत. उद्या झाकण उघडेल, ते उतरतील, खाली जाऊन हुक काढतील, कारण नळ्या तिथेच आहेत. घड्याळ वरून विचारेल. खालून 'ओके' येईल.

ते 'ओके' जाग्या माणसाचं आहे की नाही, हे घड्याळाने कशावरून ओळखायचं? नियम तुम्ही केलाय, तुम्ही सांगा. कंटाळ्याबद्दल नंतर बोलू. एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर मला झाकण उघडायच्या आत हवं आहे, आणि तुमच्या तोंडून हवं आहे. पहिल्या पाळीच्या आधीपासून मी फाटकाशी उभी असेन.